तबकडी मोकळी कधी होते?

मिर्झा गालिब स्ट्रीटला जुने कोलकातेकर अजून फ्री स्कूल स्ट्रीटच म्हणतात. जुन्या रेकॉर्ड हुडकणाऱ्यांची पावलं वर्षानुवर्षं तिथल्या दुकानांकडे वळत आली आहेत. तिथं मिळणारी लाखेची तबकडी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची असते, बशीएवढी जड, आणि हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. मराठी माणसाला आपल्या नाट्यसंगीताचं या शहराशी असलेलं नातं चटकन आठवत नाही, पण ते पक्कं आहे. बालगंधर्वांची पदं, हिराबाई बडोदेकरांच्या ठुमऱ्या, गजाननराव वाटव्यांची भावगीतं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या लेबलावर ज्या तबकड्यांमधून घराघरांत पोचली, त्या कोलकात्यात तयार होत असत. आधी १९०८ पासून सियालदहच्या कारखान्यात, पुढे १९२८ नंतर दमदमच्या.

अशी एखादी तबकडी हाती लागली, किंवा माळ्यावर आजोबांची पेटी सापडली, की हल्ली पहिला प्रश्न एकच असतो. हे गाणं संगणकावर उतरवून सगळ्यांना ऐकायला ठेवलं तर चालेल का? त्यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतो, “इतकी जुनी गोष्ट, आता कोण विचारतंय!” दुसरा म्हणतो, “कंपनीचं नाव छापलंय ना, मग भानगड नको.” दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. पहिल्यामुळे एखाद्या कवीच्या वा संगीतकाराच्या वारसांचा हक्क डावलला जातो. दुसऱ्यामुळे कायद्याने केव्हाच सर्वांचं झालेलं गाणं पेटीतच पडून राहतं आणि एक दिवस तबकडीबरोबर तडकून जातं. यातलं दुसरं नुकसान जास्त मोठं आहे असं मला वाटतं, कारण ते भरून निघत नाही.

हिशेब अवघड नाही, फक्त तो एक नसून तीन आहेत. तबकडीवर शब्द असतात, चाल असते आणि त्या दोन्हींचं ध्वनिमुद्रण असतं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा (तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला) या तिन्हींना वेगवेगळं धरतो. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, चालीवरचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचं मात्र कोणाच्याही जन्ममृत्यूशी देणंघेणं नाही. ती रेकॉर्ड ज्या वर्षी पहिल्यांदा प्रकाशित झाली, त्यानंतर ६० वर्षं. तिन्ही बाबतींत मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होते. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेल्या रेकॉर्डच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, मग ती फेब्रुवारीत निघालेली असो की दिवाळीत. हक्क कवीने कंपनीला विकून टाकला असला तरी शब्दांची मुदत कवीच्याच मृत्यूवरून मोजतात. कंपनी अमर असली म्हणून हक्क अमर होत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो गायकाच्या नावावरून. “बालगंधर्व १९६७ साली गेले, म्हणजे त्यांच्या रेकॉर्ड २०२७ संपेपर्यंत बंद” असं मी चांगल्या जाणकारांकडूनही ऐकलेलं आहे. गायक केव्हा गेला याचा ध्वनिमुद्रणाच्या मुदतीशी काही संबंध नाही. कलाकाराचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात आला तोच मुळी १९९४ च्या दुरुस्तीने. ‘मानापमान’च्या पदांचंच बघा. नाटक रंगभूमीवर आलं १९११ साली. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. ते १९४८ साली गेले, तेव्हा शब्द १ जानेवारी २००९ ला मोकळे झाले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणून चाली १ जानेवारी २०१६ ला मोकळ्या झाल्या. आणि बालगंधर्वांनी अठ्ठ्याहत्तरच्या जमान्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत गायलेल्या या पदांची ध्वनिमुद्रणं त्याच्याही कितीतरी आधी मोकळी झालेली आहेत. तिन्ही हिशेब पूर्ण झाले. ज्यांच्याकडे त्या तबकड्या आहेत त्यांनी त्या आज निर्धास्तपणे सर्वांपुढे ठेवाव्यात.

याउलट ‘गीतरामायण’. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते १९५५-५६ साली प्रसारित झालं, म्हणजे आज सत्तर वर्षं होऊन गेली. तरी ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेल्यामुळे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि सुधीर फडके २००२ साली गेल्यामुळे चाली २०६२ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. ‘फार जुनं आहे’ हा निकष कायद्याला ठाऊकच नाही.

कोलकात्यात हे तीन हिशेब किती लांब लांब पडू शकतात, याचं माझं आवडतं उदाहरण न्यू थिएटर्सच्या ‘मुक्ती’ या चित्रपटात आहे. प्रमथेश बरुआंचा हा चित्रपट १९३७ चा. त्यात पंकज मल्लिकांनी रवींद्रनाथांची ‘शेष खेया’ ही कविता गायली. रवींद्रनाथांच्या गाण्यांना बहुधा त्यांचीच चाल असते, इथे मात्र चाल पंकजबाबूंची. कविश्रेष्ठांना ती ऐकवून, त्यांची संमती घेऊन त्यांनी ती चित्रपटात वापरली. आता हिशेब मांडा. ध्वनिमुद्रण १९३७ चं आणि त्या काळी मुदत ५० वर्षांची, तेव्हा ते १९८७ अखेर सुटलं. शब्द रवींद्रनाथांचे, ते २००१ अखेर सुटले. पंकज मल्लिक १९७८ साली गेले, म्हणून चाल २०३८ अखेरपर्यंत सुटत नाही. एका दाराला तीन कुलपं असली आणि दोन उघडली, तरी दार बंदच राहतं. ती जुनी तबकडी जशीच्या तशी जालावर ठेवली, तर ध्वनिमुद्रणाबद्दल कोणी बोलू शकणार नाही, पण तिच्यात वाजणाऱ्या चालीबद्दल बोलू शकेल.

त्याच स्टुडिओचा ‘देवदास’ (१९३५) याहून बोलका आहे. त्यात कुंदनलाल सैगल ‘पिया बिन’ ही झिंझोटीतली ठुमरी गातात. मराठी रसिकांच्या कानांत ती मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डमुळे रुजलेली आहे. ठुमरी परंपरेतली, खाँसाहेब १९३७ साली गेलेले, चित्रपटाचं ध्वनिमुद्रण कधीच सुटलेलं. काही अडचण नाही. पण त्याच चित्रपटात, त्याच गायकाने, त्याच वर्षी गायलेलं ‘बालम आये’ घ्या. त्याचे शब्द केदार शर्मांचे. ते १९९९ साली गेले. संगीत तिमिर बरन यांचं. ते १९८७ साली गेले. म्हणजे चाल २०४७ अखेर आणि शब्द २०५९ अखेर. दोन्ही गाणी एकाच चित्रपटातली, पण एक आज सर्वांचं आहे आणि दुसरं आपल्या नातवंडांच्या काळात सर्वांचं होईल.

चालीच्या बाबतीत एक बारकावा आहे. १९९४ पूर्वी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चाल कागदावर उतरवलेली असेल तरच तिला सांगीतिक कृती मानत. बंगालमध्ये स्वरलिपीची परंपरा जुनी, रवींद्रनाथांच्या गाण्यांचे ‘स्वरवितान’चे खंडच्या खंड आहेत. आपल्याकडे भातखंडे आणि पलुस्करांनी बंदिशी लिपीत बांधल्या, पण नाटकांतल्या आणि भावगीतांच्या चाली बव्हंशी तोंडोतोंडीच राहिल्या. या फरकावर वकील युक्तिवाद करू शकतील. तुम्ही-आम्ही मात्र चालीला हक्क आहे असं धरूनच चालावं. संगीतकाराने चाल कागदावर लिहिली नाही म्हणून ती त्याची राहत नाही, असं मानणं मला तरी न्यायाचं वाटत नाही.

हे सगळं एका गाण्यात बघायचं असेल तर ‘वंदे मातरम्’ घ्यावं, कारण बंगाल आणि महाराष्ट्र दोघेही त्यात आहेत. शब्द बंकिमचंद्रांचे. ते १८९४ साली गेले, तेव्हा शब्दांचा प्रश्नच उरत नाही. १८९६ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायलं. पुढे हेमेंद्रमोहन बोस या कोलकात्याच्या उद्योजकाने मेणाच्या नळकांड्यावर त्यांचा आवाज मुद्रित केला. या बोसांचं ‘टॉकिंग मशीन हॉल’ हे दुकान स्वदेशी चळवळीच्या दिवसांत शहरात गाजलेलं होतं. रवींद्रनाथांची देस रागातली चाल २००२ पासून मोकळी आहे. ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस हेच गीत सारंगात गात. ते १९४३ साली गेले, त्यांची चाल २००४ पासून मोकळी. मास्तर कृष्णरावांनी ते झिंझोटीत बांधलं आणि ते राष्ट्रगीत व्हावं म्हणून संविधान सभेच्या सदस्यांना गाऊन दाखवलं. मास्तर १९७४ साली गेले, म्हणून ती चाल २०३४ अखेरपर्यंत हक्काखाली. आणि तिमिर बरन यांनी दुर्गा रागात संचलनाच्या ठेक्यावर बांधलेली चाल २०४७ अखेरपर्यंत. तेव्हा कोणी विचारलं की ‘वंदे मातरम्’वर कॉपीराइट आहे का, तर आधी त्याला विचारायचं, “कोणाच्या चालीतलं?”

मग तारखा शोधायच्या कशा? कवी-संगीतकारांच्या मृत्यूची वर्षं चरित्रकोशांत मिळतात. खरी चिकाटी लागते ती रेकॉर्ड केव्हा निघाली हे ठरवायला, कारण अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर साल छापायची पद्धत नव्हती. तबकडी उजेडात तिरकी धरावी. लेबलावर कॅटलॉग क्रमांक असतो. तो दुकानदारासाठी. लेबल आणि शेवटची रेघ यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत बारीक अक्षरांत दुसरा एक क्रमांक कोरलेला दिसतो. तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची ओळख. तेच गाणं नंतर दुसऱ्या लेबलावर, दुसऱ्या कॅटलॉग क्रमांकाने निघालं तरी मॅट्रिक्स क्रमांक तोच राहतो. तो जुळला की ध्वनिमुद्रण एकच, आणि मुदत पहिल्या प्रकाशनापासून. पुढे लाँगप्लेवर किंवा सीडीवर तेच आलं म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही. पण गायकाने तेच पद दहा वर्षांनी पुन्हा गाऊन दिलं असेल तर ते नवं ध्वनिमुद्रण, त्याची मुदत नवी. लोकप्रिय पदं गायक-गायिका पुन्हा पुन्हा मुद्रित करत, त्यामुळे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्रमांकावरून साल काढण्यासाठी सूची लागते. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची तपशीलवार सूची केली. ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ साली छापली. मुंबईतच ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे. डॉ. सुरेश चांदवणकरांनी तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जी माहिती जमवून ठेवली, तिचं मोल मराठी संगीताच्या इतिहासाला फार मोठं आहे. बंगाली गाण्यांचं काम तर आणखी सोपं, कारण तिथे दुर्गापूजेला नव्या रेकॉर्ड काढायची प्रथा होती आणि एचएमव्ही त्यासाठी ‘शारद अर्घ्य’ ही पुस्तिका काढत असे. तिच्यात गाण्याचे शब्द, गीतकार, संगीतकार सगळं छापलेलं असे. अशी एक पुस्तिका हाती आली की त्या वर्षीच्या पूजेच्या गाण्यांचे तिन्ही हिशेब एका बैठकीत होतात. आपल्या दिवाळी अंकांइतक्याच जिव्हाळ्याने बंगाली घरांनी या पुस्तिका जपल्या. मराठी रेकॉर्डच्या मासिक याद्याही निघत, त्या मात्र आपण रद्दीत घातल्या. ज्यांच्या घरी एखादी उरली असेल त्यांनी ती जपून ठेवावी. तो पुरावा आहे.

अगदी सुरुवातीच्या तबकड्या ओळखायची एक खूण कानाला लागते. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग या तंत्रज्ञाने कोलकात्यात भारतातली पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणं केली. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचं, तीनेक मिनिटांत सगळं आटपायचं, आणि शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगायचं. मेणावरचं हे मुद्रण जर्मनीत हानोफरला जात असे आणि तबकड्या तिथून तयार होऊन परत येत. तिथल्या कामगारांना कोणतं गाणं कोणाचं हे कळावं म्हणून ही नावाची घोषणा. गौहर जान आपलं नाव इंग्रजीत ठणकावून सांगतात ते त्यासाठीच. आज लेबल झिजून गेलेल्या तबकडीवरची गायिका ओळखायला तोच उच्चार कामी येतो. अशी घोषणा, एकाच बाजूला मुद्रण आणि लेबलावर कुत्र्याऐवजी देवदूत, एवढं दिसलं की ती तबकडी शतकभरापूर्वीची समजावी. तिच्या ध्वनिमुद्रणाबद्दल भारतात आता कसलीही शंका नको. १९१४ च्या कायद्याने मूळ मुद्रण झाल्यापासून ५० वर्षं दिली होती. १९०२ ची मुद्रणं त्या हिशेबाने १९५२ लाच सुटली, म्हणजे आजचा कायदा जन्मायच्या आधी. गौहर जान स्वतः १९३० साली म्हैसुरात वारल्या. त्यांनी रचलेलं जे काही असेल तेही सुटलेलं आहे.

नुसतं ‘अठ्ठ्याहत्तरची आहे’ एवढ्यावर मात्र भिस्त ठेवू नये. आपल्याकडे या तबकड्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. १९६८ ची तबकडीही लाखेचीच दिसेल आणि तिचं ध्वनिमुद्रण २०२८ अखेरपर्यंत बंद असेल.

आता ही ६० वर्षं आली कुठून ते सांगायला हवं, कारण ती कोलकात्यातून आली. जगात बहुतेक ठिकाणी त्या वेळी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० किंवा ७० वर्षं अशी मुदत होती. आपल्याकडे ५० होती. रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ ला गेले, तेव्हा त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क ३१ डिसेंबर १९९१ ला संपणार होता. बंगालमध्ये मोठी अस्वस्थता पसरली. गाण्यांच्या चाली बिघडवल्या जातील, पुस्तकांच्या भ्रष्ट आवृत्त्या निघतील, ही भीती खरी होती. वर्ष संपायला अगदी थोडे दिवस उरले असताना केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत १० वर्षांनी वाढली. ती वाढली सगळ्यांसाठी, शब्द, चाली, छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं या सर्वांसाठी. आपले भा. रा. तांबेही १९४१ सालीच, डिसेंबरात गेले. त्यांच्या कवितांची राखण व्हावी असं काही कोणी मागितलं नव्हतं, तरी त्याही आणखी १० वर्षं बंद राहिल्या. ज्यांची ५० वर्षं आधीच भरली होती त्यांना मात्र या वाढीने पुन्हा बांधलं नाही. १९४० पर्यंत निघालेली रेकॉर्ड म्हणून दुहेरी सुरक्षित आहे.

त्या वाढीव दहा वर्षांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती द्यायला नको होती. विश्वभारतीचं संगीत मंडळ रवींद्रसंगीताच्या प्रत्येक नव्या रेकॉर्डला मंजुरी देत असे. देवव्रत विश्वास यांच्यासारख्या थोर गायकाच्या मुद्रणांवर वाद्यमेळाच्या आणि गायकीच्या कारणाने आक्षेप घेतले गेले, आणि शेवटी त्यांनी रवींद्रनाथांची गाणी रेकॉर्ड करणंच थांबवलं. आज बंगालमधला सामान्य श्रोता त्यांचाच आवाज शोधत असतो. २००२ नंतर रवींद्रसंगीताचं काही वाटोळं झालं नाही. वाईट प्रयोग आले आणि विसरले गेले, चांगले राहिले. शुद्धता जपायचं काम स्वरवितानचे खंड आणि शांतिनिकेतनात शिकलेले शिक्षक करतातच. त्यासाठी कायद्याची गरज लागली नाही.

कायदा देशापुरता असतो, हे परदेशी गेलेल्या आपल्या मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावं. अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांचा हिशेब घातला आणि १९२३ पूर्वी निघालेल्या सर्व रेकॉर्ड तिथे १ जानेवारी २०२२ ला एकदम मोकळ्या झाल्या. १९२३ ते १९४६ मधल्यांना १०० वर्षं, १९४७ ते १९५६ मधल्यांना ११०, आणि त्यापुढच्या फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या थेट १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत. युरोपात ध्वनिमुद्रणाची मुदत ७० वर्षं झाली आहे, तरी १९६३ पूर्वी निघालेल्या रेकॉर्ड तिथे सुटलेल्या आहेत. म्हणजे १९३८ ची एखादी रेकॉर्ड पुण्यात मोकळी आणि न्यू जर्सीत बंद, असं घडू शकतं. सीमा ओलांडताना हक्काचं काय होतं यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आहे, तोही कोलकाता बंदराचाच. सिंगापूरहून नेपाळला जाणाऱ्या कॅसेटी या बंदरात उतरल्या होत्या. ग्रामोफोन कंपनीने हरकत घेतली. माल भारतात विकायचा नाही, फक्त इथून पुढे जायचा आहे, असा बचाव झाला. १९८४ साली न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की पुढे पाठवण्यासाठी आणलेला मालही आयातच आहे.

अजून दोन-तीन अडचणी आहेत. लेबलावरचं कुत्र्याचं चित्र हे व्यापारचिन्ह आहे आणि त्याचं नूतनीकरण कितीही वेळा करता येतं. गाणं मोकळं झालं म्हणून ते चिन्ह आपल्या सीडीवर छापता येत नाही. मलपृष्ठावरचा लेख आणि छायाचित्र यांचेही स्वतंत्र हिशेब असतात. कंपनीने साफसूफ करून काढलेल्या सीडीवरून नक्कल करण्याऐवजी मूळ तबकडीवरूनच उतरवून घ्यावं. मग तुमच्या आणि १९३५ च्या मुद्रणाच्या मध्ये कोणीच उभं राहत नाही. जालावर गाणं ठेवल्यावर कधी कधी स्वयंचलित दावा येतो. ते यंत्र फक्त आवाज जुळवतं, साल बघत नाही. घाबरून गाणं काढू नये. लेबलाचा फोटो, मॅट्रिक्स क्रमांक, सूचीतलं साल आणि मृत्यूची वर्षं जोडून उत्तर द्यावं.

खरी काळजी वाटते ती कधीच प्रकाशित न झालेल्या ध्वनिफितींची. कोलकात्यात १९५२ पासून डोव्हर लेन संगीत संमेलन भरतं. आपले कितीतरी गायक-वादक तिथं जाऊन आले, आणि त्यानंतर बंगाली रसिकांच्या घरी मैफली रंगल्या. अशा मैफली स्पूलवर घेतलेल्या असतात. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून मोजायची, आणि प्रकाशनच झालेलं नसेल तर मोजणी सुरूच होत नाही. १९५५ ची घरगुती फीत या अर्थाने १९५५ च्या तबकडीपेक्षा जास्त अडकलेली आहे. तिच्यासाठी ज्याने ती मुद्रित केली त्याच्या आणि कलाकाराच्या घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी, ते लोक हयात आहेत तोवर. नंतर कोण कुठे शोधणार? हक्कदार सापडतच नसेल तर कायद्याच्या ३१-अ कलमाखाली वृत्तपत्रात जाहिरात देऊन परवाना मागायची वाट आहे, पण ती लांबची.

या फिती आणि तबकड्या सांभाळायचं काम काही ठिकाणी मन लावून चाललेलं आहे. जादवपूर विद्यापीठातल्या ‘स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स’ने संग्राहकांच्या घरोघरी जाऊन हिंदुस्थानी संगीताचा मोठा साठा डिजिटल करून ठेवला. आपल्याकडेही हे व्हायला हवं, आणि मोकळं व्हायची तारीख उजाडायच्या आधी व्हायला हवं. १ जानेवारी २०३५ ला मास्तर कृष्णरावांच्या चाली सुटतील. त्याच दिवशी, महालयाच्या पहाटे बंगाल ज्यासाठी रेडिओ लावतो त्या ‘महिषासुरमर्दिनी’ची बाणीकुमारांची संहिताही सुटेल, कारण तेही १९७४ सालीच गेले. २०३७ मध्ये काजी नजरुल इस्लामांची गाणी, ज्यांतली कितीतरी त्यांनी कोलकात्याच्या ग्रामोफोन कंपनीत बसून लिहिली आणि बांधली. २०३८ मध्ये गदिमांचे शब्द. २०३९ मध्ये पंकज मल्लिकांच्या चाली. यांतल्या बहुतेकांची ध्वनिमुद्रणं केव्हाच सुटलेली आहेत, अडलंय ते शब्दांपाशी आणि चालींपाशी. तोवर तबकड्यांना साल लावून, गीतकार-संगीतकारांची नावं नोंदून ठेवायला कोणाचीही परवानगी लागणार नाही, अशी पद्धतशीर यादी तर आजच करायला घेता येते.